सतरा नारळांची तुळा

"गप्प पोरीवर डोळा ठेव गो सूनबाय. पोरगा रडून घेईल आपलं. ही मागायची नाय."

गंगा सुईण हे म्हणाली तेव्हा माझी जुळी बारा दिवसांची होती आणि मी बाजेवर शेक घेत पडले होते. ऐकून मला हसू आलं. मी मुंबईत इंटरपर्यंत शिकलेली. माहेरून येताना ट्रंकेत शरीरशास्त्राचं पुस्तक आणि थर्मामीटर घालून आणलेली. गंगाने उभ्या जन्मात पाटी हातात धरलेली नव्हती. "गंगाबाय, दोघं माझीच आहेत की," मी म्हटलं. तिने पोरीच्या, मालनच्या, पाठीवरून तेलाचा हात आणखी एकदा फिरवला आणि उठून गेली.

त्यानंतर वर्ष गेलं.

त्या वर्षात काय काय झालं ते मी एका वहीत लिहून ठेवत होते. मी मुळात घाबरट. बाबल्याला दुसऱ्या महिन्यात ताप भरला, छाती घरघरू लागली, तेव्हापासून तर माझा जीव त्याच्या श्वासातच अडकून राहिला. त्याचा ताप सकाळी किती, संध्याकाळी किती, दात कधी आला, शी कोणत्या रंगाची झाली, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. त्याच वहीत मालनची पानंही होती. त्यांवर तारीख असे आणि पुढे दोनच शब्द: मालन, शांत. पानोपान मालन शांत. पुढं पुढं तर मी "कित्ता" म्हणून नुसत्या दोन रेघा ओढू लागले होते.

बाबल्याच्या त्या तापातच सासूबाईंनी ग्रामदेवीला नवस बोलला. पोरगा जगू दे, वर्षाचा झाला की त्याच्या भारोभार नारळ तुला वाहीन. माघात वर्ष पुरं झालं आणि नवस फेडायचा दिवस ठरला.

आमचं घर भाट्याला, खाडीच्या अलीकडे, माडांत. नारळांना तोटा नव्हता. तोटा होता तो काट्याचा. मिरकरवाड्याच्या एका खोबऱ्याच्या व्यापाऱ्याकडे मोठी तागडी होती. ती मामंजींनी आदल्या दिवशी होडीतून आणली. मामंजी म्हणजे धोंडू तांडेल. चाळीस वर्षं मचवा चालवलेला, कालिकतपासून कराचीपर्यंतची बंदरं तोंडपाठ असलेला माणूस. आता गुडघ्यांमुळे किनाऱ्याला लागलेला. काम कुठलंही असो, आधी रंगीत तालीम करायची, ही त्यांची सवय. आदल्या संध्याकाळी ओटीवर त्यांनी बाबल्याला पारड्यात बसवला आणि दुसऱ्यात सोललेले नारळ एकेक करून टाकले. बरोबर सतरा.

"सतरा," मामंजी म्हणाले. "उद्या अठरा न्यायचे. एक फुटका निघाला तर?"

सासूबाईंनी लगेच बाबल्याच्या कपाळावर काजळाचा आणखी एक टिळा लावला, कारण पोराचं वजन मोठ्याने बोलू नये. मालन तेव्हा पाळण्यात होती. तिला पारड्यात घालून बघावं असं कोणाला सुचलं नाही. मला म्हणाल, तर मलाही नाही.

सकाळी जनीवन्सं आल्या. माझी नणंद, ह्यांच्या पाठची. दिलेली संगमेश्वराला. पहाटेच्या सर्व्हिस मोटारीने निघून, अंगावर मणभर लाल धूळ घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, आणि पाय धुवायच्या आधीच सगळ्या घराला हसवायला सुरुवात केली. जनीवन्सं ठेंगण्या. तांडेलांचं घर म्हणजे सगळे सहा-सहा फुटी. ह्यांना तर आमच्या दारातून वाकून यावं लागतं. वन्संचं डोकं माझ्या खांद्याला लागतं. "माडांच्या वाडीत करवंदीची जाळी" असं हे त्यांना लहानपणापासून चिडवत, आणि वन्संही आल्या-गेल्याला स्वतःच ते सांगत. त्या दिवशीही म्हणाल्या, मोटारीत माझं तिकीट अर्धंच घ्या म्हटलं कंडक्टरला, मेला ऐकेना.

हे मुंबईला गोदीच्या कचेरीत नोकरीला. रजा मिळाली नव्हती, पण ह्यांनी दोन कुंच्या पाठवल्या होत्या. लाल छिटाच्या, जरीच्या काठाच्या, अगदी एकासारखी एक. पत्रात लिहिलं होतं, दोघांना सारख्याच घेतल्या आहेत, तुझा आग्रह होता म्हणून. होता खरा. कापड सारखं असावं, बारसं एका दिवशी व्हावं, दोघांची नावं शाळेत घालायची, हे मी लग्नाआधीच ह्यांच्याकडून कबूल करून घेतलेलं. पुण्या-मुंबईच्या सभांतून ऐकलेलं सगळं मला पाठ होतं.

देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर. दादू गुरवाने सभामंडपाच्या तुळईला तागडी टांगली, एका पारड्यात गोधडी घातली, दुसऱ्यात मोजून सतरा नारळ ठेवले. नारळांचं पारडं जमिनीला टेकलं, गोधडीचं वर छातीशी येऊन थांबलं. वाडीतल्या बायका जमल्या. गंगाही आली होती. खांबाला पाठ लावून बसली होती. मी मागच्या विहिरीवर नैवेद्याची केळीची पानं धूत होते. बाबल्या आजोबांच्या खांद्यावर बसून समुद्र बघायला गेलेला. हे मला ठाऊक होतं, सासूबाईंना नव्हतं, आणि पुढलं सगळं त्यामुळेच झालं.

पुढचं जनीवन्संनी मला नंतर सांगितलं. सासूबाईंनी त्यांना हाक मारली: जा, बाळ निजलेलं असेल, तसंच उचलून आण, म्हणजे पारड्यात रडायचं नाय. तुळा आत्याने घालायची असा मान ठरला होता. वन्सं आनंदाने गेल्या. देवळाच्या पडवीत लाल कुंची घातलेलं एक पोर चटईवर निजलेलं होतं. कुंचीचा काठ नाकापर्यंत ओढलेला. सकाळची गडबड सोडली तर वन्संनी मुलांना वर्षभरात पाहिलं होतं ते एकदाच, बारशाला. त्यांनी पोर उचललं. "हलकं लागलं गो मला," त्या नंतर म्हणाल्या, "पण म्हटलं, मलाच पोरं उचलायची सवय राहिली नसेल."

त्यांनी पोर पारड्यात ठेवलं. सगळ्या बायका पुढे सरकल्या. दादूने हात सोडला.

पारडं हललं नाही.

दादूला वाटलं, दोरी अडकली. त्याने दांडी हलवून पाहिली. पारडं वर ते वरच. मग त्याने एक नारळ काढला. "सोळा," तो म्हणाला. वर. "पंधरा." वर. बायकांतली कुजबुज थांबली. "चौदा."

विहिरीवर मला आवाज येत होता. नारळ वाढायचे सोडून कमी का होताहेत, हे आधी कळेना. तेरा ऐकलं आणि हातातलं पान विहिरीत पडलं. मी ओल्या हातांनी धावले. धावताना डोक्यात वहीची पानं फडफडत होती: काल रात्री ताप? नव्हता. जुलाब? नव्हते. मग एका रात्रीत पोर उतरतं कसं?

"बारा," दादू म्हणाला. "अकरा."

अकराला दांडी सरळ झाली.

सासूबाई मटकन खाली बसल्या. काल संध्याकाळी सतरा. एका रात्रीत सहा नारळ. त्यांना आमच्या शेजारणीपासून तागडीवाल्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या नजरा आठवल्या. कोणीतरी मीठ-मोहऱ्या आणायला धावलं. एक बाई रडू लागली. मी गर्दीतून घुसले, पोर उचललं, कुंची मागे सारली.

कपाळ कोरं होतं. काजळाचा टिळा नव्हता.

"अहो, ही मालन आहे," मी म्हटलं.

मग जे हसू फुटलं ते काय सांगू. दादू हसला, बायका हसल्या, जनीवन्सं तर कपाळावर हात मारून मारून हसल्या. अगो, पोरगी आणली मी, सतरा नारळ कुठनं भरायची ती? सासूबाईंनी देवीला हात जोडले आणि हसता हसता डोळे पुसले. मीही हसले. पोरीला छातीशी धरून सगळ्यांबरोबर मनापासून हसले. हे मी लपवणार नाही.

गंगा तेवढी हसली नाही. हसणं थोडं ओसरू दिलं आणि बसल्या जागेवरून म्हणाली, "सूनबाय, पोरगा वाटला तवा सहा नारळ गेले म्हणून मीठ-मोहऱ्या निघाल्या. आता पोरगी निघाली, तर ते सहा नारळ सापडले काय?"

माझ्या हातात मालन होती. ती जागी झाली होती, माझ्याकडे बघत होती. रडली नाही.

सासूबाई सावरल्या. त्यांना राग आला आणि तो साहजिक होता. चारचौघांत सुईणीने विचारावं म्हणजे काय. आमच्या घरात पोरीला कोणी उपाशी ठेवली का, त्यांनी विचारलं. बाबल्या तापातून उठलेला, म्हणून कपिला गायीचं दूध आधी त्याला. उरेल ते हिला. हिने कधी मागितलं? कधी हट्ट केला? गुणी बाळ म्हणून मीच दहा जणींना सांगत आले. आणि पोरींचं हाड मुळातच बारीक.

"तर काय," जनीवन्सं आईच्या बाजूने पुढे झाल्या. "मी नव्हते बारीक? बघा की, काय वाईट झालं माझं?"

असं म्हणून त्यांनी हात पसरले आणि नेहमीसारख्या हसायला गेल्या. कोणी हसलं नाही. सगळ्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. माझ्या खांद्याला लागणारं डोकं, मुलीसारखी मनगटं. हात पसरलेलेच राहिले. मग वन्संनी ते हळूहळू खाली घेतले आणि आईकडे वळल्या.

"आये," त्या म्हणाल्या, "मला किती दिवस पाजलंस?"

"आता हा काय विषय झाला?"

"सांग की."

"तुझ्या वेळी दिवस वाईट होते. तुझे बाबा दर्यावर. गाय आटलेली."

"आणि दादा?"

सासूबाईंनी पुढ्यातला एक नारळ सरळ केला. मग म्हणाल्या, "दादा तवा तीन वर्षांचा होता. त्याला दूध लागायचंच."

"गाय आटलेली ना?"

सासूबाईंनी पदर सावरला. तो सरकलेला नव्हता. त्या मला कधी बोलल्या नाहीत, पण मला एवढं नक्की वाटतं, की त्या क्षणी त्या आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हत्या. त्यांनाही दोन भाऊ होते. सासूबाईंचीही मनगटं बारीकच आहेत.

मला वाटलं आता आपण बोलावं. मी शिकलेली. पण बोलायचं काय? दूध सासूबाई देत होत्या. छातीशी तर मीच घेत होते. आधी बाबल्या, त्याचं पोट भरलं, त्याला ढेकर आला, तो निजला, की मग मालन. रात्री तो रडला की मी उठे. ती रडत नसे, म्हणून नसे उठत. बाबल्या भिंत धरून चालत होता आणि मालनला अजून आधाराशिवाय बसता येत नव्हतं. मी वहीत लिहिलं होतं, मालन शांत. शरीरशास्त्राच्या पुस्तकात हे सगळं आहे. पान एकशे बारा.

"गंगाबाय," मी म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. तिने मालनला मांडीवर घेतलं, पोटऱ्या चाचपल्या, हिरड्यांवरून बोट फिरवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो. सासूबाईसुद्धा.

"येळ गेलेली नाय," ती अखेर म्हणाली. "पण एक साधी पडसं-खोकल्याची साथ आली, तर पोरगा तरेल, ही नाय तरायची. अंगात काय ठेवलंयत तुम्ही तिच्या?"

एवढ्यात मामंजी आले, खांद्यावर बाबल्या, त्याच्या तोंडात नारळाचा काथ्या. काय झालं ते दादूने सांगितलं. मामंजींनी पारड्याकडे बघितलं, अकरा नारळ. मग बाजूला काढून ठेवलेल्या सहांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मामंजी घरातल्या कुठल्याच गोष्टीत पडत नसत. दूध, दुपटी, बाळंतपण हा त्यांचा दर्याच नव्हे. सासूबाईंना वाटलं, आता हे नेहमीसारखे तपकीर ओढून बाहेर जातील.

"सावित्री," ते म्हणाले, "एका अंगाला माल भरून मी मचवा कधी बाहेर काढला?"

"पोरं म्हणजे मचवा नव्हे," सासूबाई म्हणाल्या.

"नव्हे. मचवा बुडाला तर दुसरा बांधता येतो."

त्यांनी बाबल्याला जनीवन्संकडे दिला आणि तुळा आधी उरकायला सांगितली, कारण देवीचा नवस तो नवस. बाबल्या पारड्यात बसला, आकांताने रडला, सतरा नारळांना उतरला, देवीचा नवस फिटला. मग मामंजींनी दादूकडून हातभर सुंभ मागून घेतला आणि मंडपातच मांडी घालून बसले. गाठी मारू लागले. सहा गाठी, सारख्या अंतरावर, दर्यावरच्या माणसाच्या हाताच्या. ती दोरी त्यांनी माझ्याकडे दिली. पाळण्याला बांध, म्हणाले. दर पंधरवड्याला पोरगी तागडीत घालायची. एक नारळ वाढला की एक गाठ सोडायची आणि तो नारळ देवीला. सहा सुटेपर्यंत तागडी परत जाणार नाही. व्यापाऱ्याला मी बघून घेतो.

"आणि दूध?" गंगाने विचारलं. ती अशी सोडणारी नव्हती. "आणि पाजणारी शेवटच्या पंगतीला बसते, तिच्या पानात काय पडतं, ते कोणी बघायचं?"

मामंजींनी बायकोकडे बघितलं. तिथे त्यांचा अधिकार संपत होता, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"गाय माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "कोणाला आधी द्यायचं ते मी ठरवीन. कोणी मला शिकवायला नको."

त्या उठून देवळाबाहेर पडल्या. मला वाटलं, संपलं. नैवेद्य झाला, पंगत बसायची वेळ झाली, पुरुषांची पानं मांडली गेली. तेवढ्यात सासूबाई आल्या, हातात केळीची दोन पानं. पुरुषांच्या पंगतीच्या टोकाला ती त्यांनी स्वतः मांडली. एका पानावर मला बसवलं. दुसऱ्यावर जनीवन्संना. वन्सं म्हणाल्या, मी कोणाला पाजते आहे, मला कशाला? "बस मुकाट्याने," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पानात भाताचे एवढे ढीग वाढले, की वन्संना शेवटी म्हणावं लागलं, आये, आता मी काय वाढणार आहे? तेव्हा मात्र सगळे हसले. सासूबाई वळून वरणाचं भांडं शोधत राहिल्या. ते त्यांच्या हातातच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपिलेचं पहिलं वाटीभर दूध मालनला गेलं. बाबल्याने घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी जाहीर केलं, देवीने रात्री स्वप्नात येऊन तसं सांगितलं. देवी काय सांगेल ते सांगेल, आमचं कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

पहिली गाठ चैत्रात सुटली. दुसरीला फार वेळ लागला. मधे गोवराची साथ आली आणि मी आठ रात्री दोघांच्या मधे बसून काढल्या, वहीत दोघांची दोन पानं लिहीत, सारखी भरलेली. मालन तरली. तिसरी गाठ श्रावणात, चौथी दसऱ्याला. पाचवी सोडायला सासूबाईंनी मला हात लावू दिला नाही. आता पोरगी दूध उशिरा मिळालं तर वाटी भिरकावते. "काय गो ही कजाग," सासूबाई आल्या-गेल्याला सांगतात, आणि त्यांच्या आवाजात जो मोठेपणा असतो तो पूर्वी फक्त बाबल्याच्या तापाबद्दल सांगताना असे. एक गाठ अजून आहे. पाळण्याला दोरी लटकते आहे आणि व्यापारी तागडी मागतो आहे.

जनीवन्सं संगमेश्वराला परतल्या तेव्हा बापाकडून त्यांनी एक हात सुंभ मागून नेला. त्यांना तीन मुली आणि धाकटा मुलगा. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. वेडंवाकडं, पण स्वतःच्या हाताने लिहिलेलं. वहिनी, दोघी ठीक आहेत, मधली गप्प असते, आज तिला उचलून बघितली.

बस, एवढंच. पुढे काही लिहिलेलं नव्हतं. मी त्याच टपालाने उत्तर धाडलं आणि त्या रात्री उठून दोनदा पाळण्याशी गेले.

तुम्ही हे वाचता आहात, म्हणजे तुमच्या घरात या घटकेला थोडी शांतता असणार. मग माझं एक ऐका. पुस्तक उलटं ठेवा. रडणाऱ्याकडे कोणीतरी गेलेलंच असेल. तुम्ही त्या दुसऱ्या पोरीकडे जा, जिने सकाळपासून काही मागितलेलं नाही. ती निजली असली तरी चालेल. उचलून बघा.